हळदीच्या मांडवातला तांबडा कागद

"आण इकडं ती ट्यूब. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते," मी तानीमावशीला म्हणाले.

हळदीच्या पाटावर बसलेल्या नवरीनं असलं बोलायचं नसतं. तिनं मान खाली घालायची, कुणी गालगुच्चा घेतला तर लाजायचं आणि बाकी वेळ मुकाट्यानं माखून घ्यायचं. पण गप्प बसण्याची कला माझ्या अंगात पहिल्यापासून नव्हती. त्यात माझी मावशी समोर बसून चुन्याच्या ट्यूबशी कुस्ती खेळत होती, ते मला बघवेना. उन्हाळ्याचे दिवस. ट्यूबच्या तोंडाशी चुना वाळून दगड झालेला. मावशीनं त्यात टाचणी खुपसून पाहिली, जे काही दात शिल्लक होते त्यांनी चावून पाहिली, आणि आता दोन्ही गुडघ्यांत धरून ती पिळत होती.

चुना कशाला हवा होता, तर माझी दृष्ट काढायला. तांब्यातल्या हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते कुंकवासारखं लालभडक होतं. हळद लावून झाली की त्या लाल पाण्यानं नवरीची दृष्ट काढायची, ही आमच्या सिद्धवाडीची पद्धत. नवऱ्याकडच्या बायका जीपमधून उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. उष्टी म्हणजे आधी नवऱ्या मुलाला लावून उरलेली. पाच सवाष्णींनी ती मला कपाळापासून पायाच्या नखापर्यंत चोपडली होती. उरलेली हळद वाटीत झाकून ठेवली होती. एवढी दृष्ट काढली की नहाण, आणि मग जेवणं. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, माझ्याही.

त्या जीपमधून उतरलेल्या बायकांपैकी एक मात्र मांडवात आली नव्हती. आमच्या घराला लागूनच शाळा. सुट्टी असल्यामुळे जानवसा तिथंच दिला होता. ही बाई शाळेच्या पडवीत खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत बसली होती. "त्या कोण?" मी हळूच विचारलं होतं. "नवरदेवाची आत्या, इंदूआत्या," माझी होणारी नणंद म्हणाली. "तालुक्याच्या हायस्कुलात सायन्स शिकवते. नवरा लौकर गेला ना तिचा. त्यामुळं हळदीबिळदीला ती लांबच असते." मी मान हलवली आणि विसरून गेले. विसरण्यासारखंच होतं ते. प्रत्येक मांडवाच्या कडेला अशी एखादी बाई बसलेली असायचीच, आणि तिनं कडेलाच बसायचं असतं हे तिलाही कुणी सांगावं लागत नसे.

तर मी मावशीच्या हातातून ट्यूब घेतली. तोंडासमोर धरली, दोन्ही अंगठे लावले आणि होता नव्हता तेवढा जोर काढला.

वाळलेलं बूच फट्दिशी उडालं आणि सगळा चुना माझ्या उजव्या डोळ्यात गेला.

त्या वेदनेचं वर्णन करायला मी कितीदा बसले, आणि प्रत्येक वेळी सोडून दिलं. डोळ्यात निखारा ठेवून वरून पापणी मिटून घ्यावी, एवढंच सांगते. मी किंचाळले. आई धावली. कुणीतरी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. ते पाणी डोळ्यातून गालावर, गालावरून गळ्यावर ओघळलं, आणि मांडवात एकच आकांत उठला.

"रगात! आगं, डोळ्यातनं रगात आलं!"

"डोळा फुटला की पोरीचा!"

मला काही दिसत नव्हतं. नंतर सगळ्यांनी सांगितलं ते असं, की माझ्या पिवळ्याधमक गालावरून लाल ओघळ वाहत होते, हनुवटीवरून थेंब थेंब साडीवर पडत होते. ते पाहून आई मटकन खाली बसली. म्हणजे पाणी द्यायचं मला, आणि बायका पाणी पाजत होत्या आईला.

"सरका, सरका! गाईचं तूप आणलंय," तानीमावशीचा आवाज आला. "डोळा भरून घाला, आग थांबंल."

"तूप नको!" लांबून कुणीतरी ओरडलं. "अजिबात तूप घालू नका! पाणी घाला. नुसतं पाणी!"

कुणी ऐकलं नाही. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? मावशीनं माझी हनुवटी वर केली. तुपाचा वास माझ्या नाकापर्यंत आला. तेवढ्यात वहाणांचा आवाज पळत पळत जवळ आला, तुपाची वाटी कुठंतरी घरंगळली, आणि एक हाडकुळा, घट्ट हात माझ्या मानेखाली शिरला.

"वन्सं!" हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा, अनसूयाबाईंचा आवाज. "वन्सं, तुम्ही नका हात लावू. हळदीची नवरी हाय ती. तुम्ही लांब ऱ्हावा."

तो हात थांबला. माझ्या मानेखाली होता तसाच राहिला. पुढंही येईना, मागंही जाईना. डोळा जळत असतानाही मला ते कळलं, कारण माझा सगळा जीव त्या हातावर येऊन बसला होता. तेवढा एकच हात होता मांडवात, की ज्याला काय करायचं ते ठाऊक होतं.

"वहिनी," इंदूआत्या म्हणाल्या, "डोळाच गेला पोरीचा, तर मग हळद कुणाला लावणार आहात?"

आणि त्यांनी मला आडवं करून माझं डोकं मांडीवर घेतलं. "भरलेले तांबे द्या मला. एकामागून एक. थांबायचं नाही. पोरी, नाव काय तुझं?"

"वैजयंता," मी कण्हत म्हणाले.

"वैजू, मी तुझी पापणी धरून ठेवणार आहे. तुला मला मारावंसं वाटेल. मार. पण डोळा मिटू नकोस."

पाण्याची धार सुरू झाली. मी त्यांना खरंच मारलं. लाथा झाडल्या, हाताला ओरबाडलं, आईला हाका मारल्या. त्यांची बोटं पापणीवरून हलली नाहीत.

"आवं बाई, रगात वाहतंय आन तुम्ही पाणी काय वतताय?" तानीमावशी रडत रडत भांडत होती. "कसलं काळीज म्हणायचं हे!"

"मावशी, ते रक्त नाही. हळद आहे. ह्या तांब्यात आत्ता चुना घालून तुम्ही काय करणार होता?"

"लाल पाणी..." मावशी म्हणाली.

"तेच तिच्या गालावर झालंय. डोळ्यातला चुना पाण्याबरोबर खाली येतोय आणि हळदीला लागून लाल होतोय. म्हणजे चुना अजून आत आहे. घाला पाणी!"

जन्मभर प्रत्येक लग्नात हातानं लाल पाणी करणाऱ्या बायका त्या. पण तेच पाणी डोळ्यातून आलं तर रक्त दिसलं सगळ्यांना. मी तरी काय वेगळी असते? मीही बोंबच मारली असती.

रांग लागली. हंड्यातून तांब्यात, तांब्यातून डोळ्यात. हंडा संपला तसा आडाचा रहाट वाजू लागला. माझ्या तोंडावरची, गळ्यावरची सगळी हळद वाहून गेली. नवऱ्याकडच्या बायकांत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हळद धुऊन निघाली गं. काय खरं न्हाई हे." आणि दुसरी म्हणाली, "हळदीचं सोड. एका डोळ्याची सून नांदवायची म्हंजी..." पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं. माणसाचे डोळे मिटले की कान फार तिखट होतात. मला तेव्हा लग्नाची काळजी नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. आधी डोळ्याची होती, पण तिच्या पाठोपाठ लग्नाचीही होतीच. आणि सासूबाई एक शब्द बोलत नव्हत्या. त्या गप्पपणाची भीती मला त्या कुजबुजीपेक्षा जास्त वाटली.

बऱ्याच वेळानं आत्यांनी हात वर केला. पाणी थांबलं.

"संपलं का सगळं?" आण्णांनी विचारलं. आण्णा म्हणजे माझे वडील. इतका वेळ ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

"तेच कळायला पाहिजे," आत्या म्हणाल्या. "गालावर तर आता हळदच राहिली नाही, तिचा उपयोग नाही. शाळेत विज्ञानाचं कपाट असेल ना?"

शाळा लग्नासाठी घेतलेली, त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा आण्णांच्याच कमरेला होता. पण आण्णांनी आयुष्यात विज्ञानाचं कपाट उघडलं नव्हतं.

"तांबडा लिटमस पाहिजे," आत्या म्हणाल्या. "लहानशी पुस्तिका असते, तांबड्या कागदाच्या पट्ट्यांची."

"खालच्या खणात," मी मांडीवरून म्हणाले. त्याच शाळेत माझी दहावी झालेली. "डाव्या हाताला. परीक्षानळ्यांच्या मागं."

आत्यांचा हात माझ्या कपाळावर थबकला. "आठवतंय तुला? मग सांग, तांबडा लिटमस निळा कशानं होतो?"

"आम्लारीनं," मी रडत रडत सांगितलं. "आणि आम्ल निळ्याला तांबडा करतं."

"शाब्बास. आता रडलीस तरी चालेल. आसवंही धुतातच."

आण्णा गेले ते अख्खा खण उपसून घेऊन आले. धांदलीत नळ्या, चिमटे, गाळणकागद, आणि काचेच्या बरणीतला तो बेडूकसुद्धा, ज्याला आम्ही दहावीपर्यंत घाबरत आलो होतो. हळदीच्या मांडवात, पूजेच्या ताटाशेजारी ती बरणी ठेवली गेली. आईनं ती पाहिली आणि नंतर कितीतरी वर्षं ती डोळ्यापेक्षा त्या बेडकाचंच जास्त सांगायची.

पुस्तिका सापडली. जुनी, कडा विटलेली. आत्यांनी चिंचोळी पट्टी फाडली आणि खालची पापणी ओढून तिचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवलं. मला काही बघता येत नव्हतं. माझ्या डोळ्याची बातमी मला तानीमावशीच्या तोंडून कळत होती.

"आगं बया!" ती ओरडली. "निळा झाला की गं कागूद! निळाशार!"

"म्हणजे अजून चुना आहे," आत्या म्हणाल्या. "पाणी."

पुन्हा धार. पुन्हा पट्टी. एव्हाना बायकांचं रडणं थांबलं होतं. त्या कोंडाळं करून कागदावर वाकल्या होत्या. मघाशी 'काय खरं न्हाई' म्हणणारी बाईच आता "जरा हिकडं दाखवा, मला दिसंना," म्हणत पुढं घुसत होती.

"आता कसा हाय?"

"निळा हाय, पर मघासारका न्हाई. जांभळट."

"उतार पडला म्हणायचा."

"वता, वता पाणी."

माझी शुद्ध जात-येत होती, म्हणजे खरी शुद्ध नव्हे, पण पाण्याच्या आवाजात मन कुठंतरी निघून जायचं आणि पापणी ओढली की परत यायचं. मध्येच कुणीतरी आनंदानं टाळी वाजवली.

"तांबडा ऱ्हायला! तांबडाच ऱ्हायला बगा कागूद!"

मांडवानं निःश्वास सोडला. आई देवाला नारळ बोलली. तानीमावशी दुसरी वाटी भरून तूप घेऊन हजर झाली. तिच्या तुपावरच्या श्रद्धेला काही तोड नव्हती. मला तर तेव्हा फक्त झोपायचं होतं. आग पुष्कळ कमी झाली होती. मी आत्यांचा हात बाजूला करू पाहिला.

"झालं आता," मी म्हणाले. "बास. सोडा मला."

"पुरं करा, वन्सं," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "तांबडा ऱ्हायला न्हवं? पोरगी दमली. हळद पुन्यांदा लावाय पायजे, येळ जातीया."

"थोडं थांबायचं," आत्या म्हणाल्या. "आता पाणी घालायचं नाही, काही करायचं नाही. नुसतं बसायचं. मग पुन्हा बघायचं."

"आता आनि काय बगायचं? तुमचा कागूदच म्हणतोय न्हवं, न्हाई चुना म्हणून?"

"वहिनी, थोडा चुना आत असला तरी पाणी चालू असताना कागद तांबडा राहू शकतो. पाणी थांबल्यावर राहिला तर खरा."

कुणाला पटलं नाही. पण त्यांच्या मांडीवरून मला उचलून न्यायची हिंमतही कुणी केली नाही. सगळे बसले. आडाचा रहाट थांबला. कुठंतरी भात लागल्याचा वास आला आणि एक चुलती आचाऱ्याच्या नावानं ओरडत पळाली. मी इंदूआत्यांच्या मांडीवर पडून होते. त्यांचं लुगडं माझ्या अंगाखाली ओलं चिंब झालेलं, पोटात अन्न नव्हतं त्यांच्याही, आणि त्या हलल्या नाहीत. एकदाच त्यांनी वाकून विचारलं, "दुखतंय का गं?" मी नाही म्हणाले. खरं तर वरच्या पापणीखाली काहीतरी टोचत होतं, पण मला ते संपवायचं होतं. सुटका हवी होती मला.

त्यांनी पट्टी फाडली. टेकवली.

कुणी काही बोललं नाही. तानीमावशीसुद्धा बोलली नाही, त्यावरूनच मला काय ते कळलं.

"निळा?" मी विचारलं.

"निळा," आत्या म्हणाल्या. "आत खडा आहे कुठंतरी. तो विरघळत राहणार आणि डोळा जाळत राहणार. वरची पापणी उलटायला लागेल. वैजू, हे मघापेक्षा वाईट आहे."

"नको," मी म्हणाले. "नको, आत्या. मी पाया पडते."

"पड. उद्या पड. आज पडून राहा."

त्यांनी पूजेच्या ताटातली कापसाची कोरडी वात मागितली. ती पाण्यात भिजवून काडेपेटीच्या काडीला गुंडाळली. मग त्या थांबल्या. "हिचे हात कुणीतरी धरायला हवेत," त्या म्हणाल्या. "घट्ट. ही माझा हात ओढेल आणि काडी डोळ्यात जाईल."

आई धरू शकत नव्हती. तिचेच हात कुणीतरी धरले होते. आण्णा पुढं आले आणि मागं फिरले. तेव्हा बांगड्यांचा किणकिणाट जवळ आला, आणि माझी दोन्ही मनगटं दोन जड हातांनी जमिनीला दाबून धरली.

"मी धरती," सासूबाई म्हणाल्या. "उलटा तुम्ही, वन्सं. मुहूर्त उद्याचा हाय, आज कसलीबी घाई न्हाई." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "वरड तू. पायजे तेवढं वरड. म्या काय कुणाला सांगत न्हाई."

मी ओरडले. शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली म्हणतात. आत्यांनी पापणी दुसऱ्या कोऱ्या काडीवर उलटी केली, वात आत फिरवली आणि बाहेर काढली. तिच्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा होता. दुसऱ्या वातीला आणखी थोडा भुगा आला. तिसरी कोरी आली.

मग पाणी. मग थांबणं. मग पट्टी. तांबडी. पुन्हा थांबणं, आणि ह्या वेळी "पुरं करा" असं कुणी म्हणालं नाही. सगळा मांडव त्या कागदाकडं बघत बसला. पट्टी तांबडी राहिली. पुन्हा थांबलो. तांबडीच राहिली.

"आता झालं," आत्या म्हणाल्या. "आता हिला मिरजेला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं."

आता नवंच संकट. हळद लागलेल्या नवरीनं वेस ओलांडायची नसते. गावातल्या चार म्हाताऱ्या एकाच वेळी बोलू लागल्या. सासूबाई उठल्या, त्यांनी माझ्या पदराला एक लिंबू बांधलं आणि म्हणाल्या, "सून आमची हाय. मी संगं हाय. जीप काढा." झालं. वेशीवरून आम्ही गेलो तेव्हा आकाश काही कोसळलं नाही.

जीपमध्ये मी मधे, एका बाजूला सासूबाई, एका बाजूला आत्या. मी आत्यांचा हात शोधून काढला आणि म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले गं? दरवर्षी वर्गात हेच दाखवते मी. तांबड्याचा निळा, निळ्याचा तांबडा. पोरं जांभया देतात." त्या हसल्या असाव्यात. "आज पहिल्यांदा कुणी जांभई दिली नाही."

डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. कुणी धुतला डोळा, म्हणून विचारलं. वर्गातल्या पोरीसारखा आत्यांनी हात वर केला. कशानं तपासला, म्हणून विचारलं. आत्यांनी पिशवीतली ती विटकी पुस्तिका काढून दाखवली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "त्या खड्यासकट हिला घरी झोपवली असतीत ना," ते म्हणाले, "तर सकाळपर्यंत बुबुळ पांढरं पडलं असतं. डोळा राहील. औषध घाला, पट्टी काढू नका, आणि लग्न खुशाल करा."

तीस वर्षं होत आली. लग्नातल्या एकूण एक फोटोत मुंडावळ्यांखाली माझ्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आहे. आमचे हे अजून म्हणतात, की बायको समुद्री चाच्यांच्या टोळीतून पळवून आणली. पण त्या डोळ्यानं मी आजही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. त्या डोळ्यानं मी माझी दोन्ही मुलं पहिल्यांदा पाहिली. सकाळी उठून डोळे उघडले आणि दोन्हीकडून उजेड आत आला, की मला इंदूआत्यांची आठवण येते. रोज. ही गोष्ट मी जरा वाढवून सांगत असेन, पण हे शब्दशः खरं आहे.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटीतली उष्टी हळद तशीच झाकलेली होती, आणि नवरी धुऊन कोरी. हळद पुन्हा लावायला हवी होती. मला पाटावर बसवलं. तानीमावशीनं पाच सवाष्णींना हाका मारल्या. ह्या खेपेला दृष्ट नुसत्या मीठ-मोहऱ्यांनी काढायची, चुन्याचं नाव काढायचं नाही, असं आईनं सगळ्यांना बजावलं. मी एका डोळ्यानं मांडव पाहत होते. सगळे होते. फक्त ज्या हव्या होत्या त्या नव्हत्या.

त्या शाळेच्या पडवीत गेल्या होत्या. त्याच खांबाशी. ओलं लुगडं बदलून दुसरं नेसल्या होत्या आणि कुणीतरी दिलेला चहा बशीत ओतून पीत होत्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. मांडवातलं त्यांचं काम संपलं होतं आणि त्या आपल्या जागेवर परत गेल्या होत्या.

पहिल्या सवाष्णीनं वाटीत आंब्याचं पान बुडवलं.

"थांबा," मी म्हणाले. "आधी इंदूआत्या."

 पडवीत त्यांच्या हातातली बशी थांबली.

"नको गं," त्या तिथूनच म्हणाल्या. हसत म्हणाल्या, मला राग यावा इतक्या सहज. "मी लांबच बरी. तुझं चांगलं व्हावं एवढंच."

"तुम्ही लांब होता तेव्हा माझा डोळा चालला होता, आत्या. जवळ आलात म्हणून राहिला. मला लांबून काही नको."

 एक म्हातारी घसा खाकरून काहीतरी म्हणणार होती, पण तिचं धाडस झालं नाही, कारण सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी सवाष्णीच्या हातून हळदीची वाटी घेतली. मला वाटलं, आता मोडलं लग्न. मांडव ओलांडून त्या पडवीत गेल्या. नणंदेसमोर उभ्या राहिल्या.  त्या बोलक्या बाई नव्हत्याच.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हात बगा तुमचं."

आत्यांनी हात पाहिले. आम्हीही पाहिले. माझी वाहून गेलेली सगळी हळद त्यांच्या हातांवर बसली होती, कोपरापर्यंत. चुन्याच्या पाण्यानं ती जागोजाग लाल झाली होती, आणि मिरजेला दवाखान्यात साबणानं धुतल्यावर आणखीच लाल. पिवळा नि लाल, दोन्ही रंग. सवाष्णीच्या हातांवर नव्हते इतके.

"वैजूची हळद सकाळधरनं तुमच्याच हातावर हाय," सासूबाई म्हणाल्या. "मी लांब ऱ्हावा म्हणली. चुकलं माजं. आता चला."

त्यांनी आत्यांचा हात धरून त्यांना मांडवात आणलं. पाटासमोर बसवलं. वाटी पुढं केली. आत्या वाटीकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी आंब्याचं पान न घेता नुसती बोटं बुडवली आणि हात माझ्या गालाकडं आणला.

दिवसभर मी त्या हाताला मारलं होतं, ओरबाडलं होतं. काडीवर पापणी उलटताना तो तसूभर हलला नव्हता. आता तो माझ्या गालाच्या बोटभर अलीकडंच थांबला, आणि हळद माझ्या मांडीवर ठिबकू लागली. त्यांना तो पुढं आणता येईना.

मी दोन्ही हातांनी तो धरला आणि माझ्या गालावर ठेवला.